उष्णतेचा द्वारपाल

घाटाच्या चढणीवर रस्त्याच्या कडेस बॉनेट उघडून उभी असलेली मोटार आणि तिच्या तोंडातून निघणारे वाफेचे लोट, हे दृश्य आपल्याकडील प्रवाशांस नवे नाही. बोरघाट असो, कसाऱ्याचा घाट असो, की साताऱ्याच्या वाटेवरील खंबाटकी असो, उन्हाळ्याच्या दिवसांत अशी एखादी गाडी वाटेत भेटावयाचीच. ‘गाडी तापली’ असे म्हणून चालक पाण्याच्या शोधात निघतो, प्रवासी झाडाची सावली गाठतात, आणि पुढचा तासभर कोणाच्याच हाती काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी ती गाडी गॅरेजात गेली, की तेथे पुष्कळदा एक सल्ला ठरलेला असतो. ‘आतला थर्मोस्टॅट काढून टाका. तो थंड देशांसाठी असतो. आपल्या उष्ण देशात त्याचे काय काम?’

हा सल्ला ऐकावयास इतका सयुक्तिक वाटतो, की तो पिढ्यान्‌पिढ्या एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे जात राहिला आहे. जी झडप पाण्याची वाट अडविते ती काढून टाकली, तर पाणी मोकळे वाहील आणि इंजिन थंड राहील, असा त्यामागचा विचार. परंतु इंजिन थंड राहणे आणि इंजिन निरोगी राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद नीट ध्यानात आला, म्हणजे त्या लहानशा झडपेचे महत्त्व कळते. ती बदलावयाची कशी, आणि बदलल्यानंतर आत अडकलेली हवा काढणे इतके अगत्याचे का, हेही मग आपोआप उमगते.

प्रथम उष्णतेचा उगम पाहू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन पेट घेते, त्या क्षणी तेथील वायूंचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. अनेक इंजिनांचे हेड ज्या ॲल्युमिनियमचे असते, ते सुमारे ६६० अंशांवर वितळते. धातूच्या भिंतीच्या एका अंगास असा वणवा पेटलेला असताना ती भिंत शाबूत राहते, याचे कारण तिच्या दुसऱ्या अंगाने पाणी अखंड वाहत असते. इंधनातील शक्तीचा ढोबळ मानाने एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग चाकांच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराच्या नळीवाटे बाहेर पडतो, आणि उरलेला मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाहून नेण्याचे काम पाण्याकडे येते. पाण्याइतकी उष्णता पोटात सामावून घेणारे दुसरे स्वस्त आणि सुलभ द्रव्य नाही, म्हणूनच इंजिन करणाऱ्यांनी आरंभापासून त्याचा आश्रय केला.

सर्वच इंजिनांस पाणी लागते असे मात्र नव्हे. म्हैसूर शहराचे नाव ज्या वाहनामुळे देशभर गाजले, ती जावा मोटारसायकल वाऱ्यानेच थंड होत असे. १९६० नंतरच्या काळात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. तिच्या सिलिंडरभोवती असलेले पत्र्यासारखे पातळ धातूचे पंखच वाऱ्याशी उष्णतेचा व्यवहार करीत. लहान आणि उघड्यावरच्या इंजिनास हे पुरते. परंतु चार किंवा सहा सिलिंडर एका ठोकळ्यात कोंडून तो बॉनेटखाली झाकला, की नुसत्या वाऱ्याने भागत नाही. तेथे पाण्याने उष्णता उचलावयाची, रेडिएटरपर्यंत न्यावयाची आणि तेथे ती वाऱ्याच्या स्वाधीन करावयाची, अशी दुहेरी योजना करावी लागते.

या योजनेस आजचे रूप हळूहळू आले. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने १९०१ च्या मर्सिडीज गाडीस मधाच्या पोळ्यासारखा, असंख्य छिद्रांचा रेडिएटर बसविला. त्यामुळे थोड्या पाण्याचा पुष्कळ वाऱ्याशी संबंध येऊ लागला. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या प्रसिद्ध गाडीत, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या, तर पाणी फिरविण्यास पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढावे, निवलेले जड होऊन खाली उतरावे, आणि या नैसर्गिक चढउतारावर सारे काम चालावे, अशी ती व्यवस्था होती. पुढे इंजिने जोरकस झाली, तशी पंपाची गरज पडली. आणि पंप आला, तसा एक नवाच प्रश्न उभा राहिला. इंजिन सुरू होताच पंपही सुरू होतो. म्हणजे पहाटे अजून इंजिन गार असतानाच त्याचे पाणी रेडिएटरमध्ये जाऊन आणखी गार होऊ लागते. इंजिनास ऊब यावयाची कशी?

येथे कोणी विचारील, की ऊब हवीच कशाला? याचे उत्तर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या विहिरीवर मिळते. १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे खेडोपाडी डिझेल इंजिनांचा आवाज घुमू लागला. यांपैकी पुष्कळ इंजिने विहिरीच्याच पाण्याने थंड केली जात. पंपाने उपसलेल्या पाण्याचा एक फाटा इंजिनातून जाई आणि पाटात पडे. अशा वेळी पाण्याची धार मोकळी सोडली, की इंजिन गारठे. हाताला थंडगार लागणारे ते पाणी पाहून मालकास समाधान वाटे, परंतु आत निराळेच घडत असे. गार भिंतींमुळे इंधन पुरते जळत नाही. अर्धवट जळालेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते. जळताना उत्पन्न झालेली वाफ त्या भिंतींवर दवासारखी साचते आणि इंधनातील गंधकाशी मिळून तिचे आम्ल होते. ते आम्ल धातू खाते. तेलात काळा गाळ जमतो, रिंगा झिजतात आणि डिझेल अधिक खर्ची पडते. म्हणूनच जाणते लोक इंजिनातून बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले कढत लागेल, इतपतच धार ठेवीत. मोटारीच्या इंजिनासही हाच न्याय लागू आहे. अति उष्णतेने इंजिन एका दुपारी बिघडते, अति थंडीने ते वर्षा-दोन वर्षांत झिजते, आणि दुसऱ्या प्रकारच्या हानीचा गाजावाजा होत नाही इतकेच.

सकाळची थंडी आणि दुपारचे ऊन, सपाट रस्ता आणि खडा घाट, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, या साऱ्या अवस्थांत इंजिनाचे पाणी एका ठरावीक तापमानाच्या जवळपास ठेवावयाचे, हे काम थर्मोस्टॅट करतो. तो इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या वाटेवर बसविलेला द्वारपाल होय. पाणी गार असते तोवर तो दार लावून घेतो, आणि पाणी आडवाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरते. ठरलेले तापमान गाठले गेले, की तो दार किलकिले करतो, आणि उष्णता वाढेल तसे ते अधिकाधिक उघडतो.

हे कार्य करणारी यंत्रणा अत्यंत साधी आहे. जुन्या गाड्यांत पितळेचा भात्यासारखा चुणीदार डबा असे. त्यात लवकर उडणारा द्रव भरलेला असे. तो तापून वाफ झाला, की डबा फुगे आणि झडप उचलली जाई. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट याने त्याऐवजी मेणाचा उपयोग करून दाखविला, आणि आजच्या बहुतेक साऱ्या गाड्यांत हाच प्रकार असतो. धातूच्या एका लहान कुपीत विशिष्ट जातीचे मेण गच्च भरलेले असते. मेण वितळते तेव्हा त्याचे आकारमान शेकडा दहा ते पंधरा इतके वाढते. कुपीत जागा नसल्यामुळे ते आतल्या बारीक दांड्यास बाहेर ढकलते, आणि स्प्रिंगचा विरोध मोडून झडप उघडते. मेण निवले, की तीच स्प्रिंग झडपेस पुन्हा जागेवर आणते. यास वीज लागत नाही, तेल लागत नाही, की कोणाच्या देखरेखीची गरज नाही. किती अंशांवर उघडावयाचे हे मेणाच्या मिश्रणावर अवलंबून असते, आणि तो आकडा बहुधा थर्मोस्टॅटच्या अंगावरच कोरलेला आढळतो. ८२ किंवा ८८ हे आकडे पुष्कळ गाड्यांत दिसतात. तेथून सुमारे दहा ते पंधरा अंश वर गेल्यावर झडप पूर्ण उघडते.

आता ‘काढून टाका’ या सल्ल्याची परीक्षा करता येते. थर्मोस्टॅट काढला, तर सपाटीवर इंजिन नेहमीच गारठलेले राहते. आधुनिक गाडीतील नियंत्रक यंत्र ‘इंजिन अजून तापले नाही’ असे समजून अधिक इंधन सोडीत राहते. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अनेक इंजिनांतील थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी आडवाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढून टाकला, तर आडवाट कायमची उघडी राहते, आणि ऐन घाटात तापलेल्या पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो. म्हणजे ज्या भीतीने झडप काढली, तीच आपत्ती ओढवून घेतली जाते.

या साऱ्या विषयात समुद्रसपाटीपासूनची उंची हा एक पदर आहे, आणि तो समजून घेण्यास बोगादीसारखे ठिकाण सोयीचे. म्हैसूरच्या पश्चिमेस, कुक्करहळ्ळी तलाव आणि मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर ओलांडून जाणाऱ्या रस्त्यावर बोगादी आहे. पूर्वी ते शहराबाहेरचे खेडे होते, आज शहराला लागून गेलेले उपनगर आहे. हा सारा प्रदेश समुद्रसपाटीपासून साडेसातशे ते आठशे मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो. मुंबईस जे पाणी १०० अंशांवर उकळते, ते बोगादीच्या स्वयंपाकघरात सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांवरच उकळू लागते. येथून निघालेली गाडी नंजनगूड, गुंडलुपेट आणि बंदिपूरचे अरण्य मागे टाकून मसिनगुडीहून कल्हट्टीच्या घाटास लागली, की केसाच्या पिनेसारखी ३६ वळणे चढून उदकमंडलम्‌ गाठते. तेथील उंची सुमारे २२४० मीटर, आणि उघड्या भांड्यातील पाणी साडेब्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते.

म्हणजे ज्या घाटात इंजिनास सर्वाधिक श्रम पडतात, तेथेच पाणी सर्वांत लवकर उकळावयास सिद्ध असते. ८८ अंशांवर उघडू लागणारी झडप तेथे पुरती उघडण्यापूर्वीच पाण्याची वाफ होईल. असे होऊ नये म्हणून रेडिएटरच्या तोंडावर दाबाचे झाकण असते. त्यातील स्प्रिंग आतला दाब बाहेरच्यापेक्षा बहुधा एका वातावरणाच्या थोडा खाली इतका चढू देते. घरातल्या प्रेशर कुकरचेच हे तत्त्व. बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार अधिक दाब धरणारे झाकण चांगले असेल, तर समुद्रकाठी पाणी सुमारे ११९ अंशांवर, बोगादीस सुमारे ११७ अंशांवर आणि उदकमंडलम्‌ला सुमारे ११५ अंशांवर उकळेल. उंचीमुळे पडणारा साडेसात अंशांचा फरक चारांवर येतो, आणि मुख्य म्हणजे झडपेस आपले काम करण्यास भरपूर वाव उरतो. तेच झाकण सैल झाले, त्याचे रबर चिरले, की सारा बंदोबस्त ढासळतो. घाटात गाडी उकळली तर दोष थर्मोस्टॅटवर टाकण्यापूर्वी झाकण, पंख्याचा पट्टा किंवा विजेवर चालणारा पंखा, रेडिएटरच्या जाळीत साचलेला कचरा आणि पाण्याची गळती ही तपासून पाहणे शहाणपणाचे.

थर्मोस्टॅट खरोखरच बिघडला असेल, तर त्याची लक्षणे दोन प्रकारची असतात. तो बंद अवस्थेत अडकला, तर तापमानाचा काटा थोड्याच वेळात वर चढतो. इंजिनाचे डोके भाजण्याइतके तापते, परंतु रेडिएटर मात्र गारच लागतो. उघड्या अवस्थेत अडकला, तर काटा किती तरी वेळ तळाशी रेंगाळतो, सपाटीवर वेगाने जाताना खाली येतो आणि इंधनाचा खर्च वाढतो. पहिल्या प्रकारात गाडी पुढे दामटणे म्हणजे हेड वाकडे करून घेणे होय. तेव्हा काटा तांबड्या खुणेकडे झुकताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

बाहेर काढलेल्या थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या घरी करता येते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने असा टांगावा, की तळास किंवा कडांस त्याचा स्पर्श होणार नाही. शेजारी तापमापक धरावा आणि पाणी मंद आंचेवर ढवळत तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या जवळपास झडप हलू लागली आणि पाणी निवताना पुन्हा घट्ट मिटली, तर ती शाबूत आहे. मात्र बोगादीसारख्या उंचीवर ही परीक्षा करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ८८ अंशांची झडप पूर्ण उघडावयास १०० अंशांच्या आसपास तापमान लागते, आणि पातेल्यातील पाणी तर साडेसत्त्याण्णवच्या वर जातच नाही. ती अर्धवट उघडलेली पाहून कोणी चांगली वस्तू टाकून देईल, तर दोष झडपेचा नव्हे, उंचीचा होय.

झडप बदलण्याचे काम अवघड नाही, परंतु त्यास धीर हवा. पहिला नियम असा, की इंजिन पूर्ण निवल्याखेरीज रेडिएटरच्या झाकणास हात लावू नये. दाबाखाली ११० अंशांवर असलेले पाणी झाकण उघडताच दाबमुक्त होते. त्याचा काही भाग त्या क्षणीच वाफ होऊन उसळतो आणि उरलेल्या पाण्यास आपल्याबरोबर वर फेकतो. चेहरा आणि हात भाजून निघतात, डोळेही जाण्याची भीती असते. इंजिन बंद करून दोन-तीन तास जाऊ द्यावेत, रेडिएटरला तळहात सहज टेकवता येतो हे पाहावे, आणि मगच झाकणावर जाड फडके टाकून ते सावकाश सैल करावे. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो, म्हणून बॅटरीची तार सोडवून ठेवणे इष्ट.

नंतर खालचा ड्रेन प्लग किंवा खालची रबरी नळी सोडवून, झडपेच्या घरापेक्षा पातळी खाली जाईल इतके कूलंट स्वच्छ घमेल्यात काढून घ्यावे. ते उघड्यावर ठेवू नये, की गटारात ओतू नये. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास प्राणघातक असते. कुत्री आणि लहान मुले यांना त्याचा विशेष धोका. थर्मोस्टॅट बहुधा वरच्या जाड रबरी नळीच्या इंजिनाकडील टोकाशी असतो. काही गाड्यांत तो खालच्या नळीच्या बाजूस, पाणी आत शिरण्याच्या वाटेवर असतो, तेव्हा कारखान्याने दिलेली पुस्तिका पाहून खात्री करावी. क्लिप सैल करून नळी काढावी, घराचे बोल्ट सोडवावेत आणि जुना थर्मोस्टॅट कोणत्या दिशेने बसलेला होता, हे नीट ध्यानात ठेवून मगच उचलावा. उघड्या भोकात स्वच्छ चिंधी खुपसून जुने पॅकिंग खरवडून काढावे, म्हणजे त्याचे तुकडे आत पडत नाहीत. ॲल्युमिनियम मऊ असते, त्यावर पात्याने चरे पडले, तर नवे पॅकिंगही गळू लागते.

नवा थर्मोस्टॅट त्याच अंशांचा घ्यावा. मेणाची कुपी इंजिनाकडे राहिली पाहिजे, कारण पाण्याच्या उष्णतेचा निरोप तिलाच मिळावयाचा असतो. ती उलट बसली, तर गार पाण्यात बसून राहते आणि इंजिन तापून जाते. काही थर्मोस्टॅटच्या कडेस एक बारीक छिद्र आणि त्यात हलणारी चिमुकली टाचणी असते. हे छिद्र वरच्या अंगास ठेवावयाचे असते. नवे पॅकिंग किंवा रबरी कडे घालून बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एकच बोल्ट आधी पुरता आवळला, तर झाकण तिरके बसते, आणि अति जोर केला, तर आटे जातात.

येथपर्यंतचे काम पुष्कळ जण नीट करतात, आणि तरी दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा उकळते. याचे कारण बहुधा आत राहिलेली हवा. विहिरीवर पंप चालविणाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. पंपात आधी पाणी भरले नाही, तर तो कितीही वेगाने फिरला तरी पाणी उचलीत नाही. गाडीचा वॉटर पंपही त्याच जातीचा. त्याच्या पात्यांस पाण्याऐवजी हवा लागली, की तो नुसताच फिरत राहतो. शिवाय हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक. पाण्याच्या तुलनेने तिची उष्णता वाहून नेण्याची शक्ती सुमारे पंचविसांश. तिचा बुडबुडा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसतो, आणि इंजिनातील उंच जागा म्हणजे हेड, जेथे उष्णता सर्वाधिक. बुडबुडा जर थर्मोस्टॅटखाली अडकला, तर मेणाच्या कुपीस तापलेले पाणी स्पर्शच करीत नाही आणि झडप उघडत नाही. तो तापमान मोजणाऱ्या कळीभोवती अडकला, तर हेड भाजत असताना काटा निश्चिंतपणे खालीच राहतो. वर सांगितलेले बारीक छिद्र ठेवलेले असते, ते या हवेस वाट मिळावी म्हणूनच.

हवा काढण्याची रीत अशी. गाडी मोकळ्या हवेत, पुढचा भाग उंच राहील अशा चढावर उभी करावी आणि हातब्रेक ओढून मागील चाकांस दगड लावावेत. अशाने पाणी ओतण्याचे तोंड सर्वांत उंच येते, आणि हवेस तिकडेच जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. गाडीत हीटर असेल, तर त्याची कळ पूर्ण गरमवर ठेवावी, म्हणजे त्याच्या नळ्याही भरल्या जातात. कूलंट अगदी सावकाश ओतावे. घाईने ओतलेले पाणी हवेस कोंडून टाकते. हवा सोडण्याचा स्क्रू असेल, तर तो सैल करून, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत पाहावे आणि मग बंद करावा. रबरी नळ्या हाताने दाबून सोडाव्यात, म्हणजे अडलेले बुडबुडे सुटतात.

त्यानंतर, झाकण रेडिएटरवरच असलेल्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत, बॅटरीची तार पुन्हा जोडून झाकण उघडे ठेवून इंजिन मंद गतीवर चालू करावे. पंखा आणि पट्टा यांपासून हात दूर असावेत. काही मिनिटे केवळ बुडबुडे येत राहतात. मग एकाएकी पाण्याची पातळी खाली जाते आणि वरची नळी कढत होते. झडप उघडल्याची ही खूण. पातळी गेली, की कूलंट घालून ती भरून काढावी, बुडबुडे थांबले, की झाकण घट्ट लावावे. नव्या गाड्यांत प्लॅस्टिकची बंद टाकी असते, आणि त्यांत प्रत्येक कारखान्याची रीत निराळी असल्यामुळे पुस्तिकेचाच आधार घ्यावा. थोडा फेरफटका मारून काट्यावर लक्ष ठेवावे. इंजिन रात्रभर निवू द्यावे आणि सकाळी पातळी पुन्हा पाहावी. ती थोडी उतरलेली असेल, तर उरलेली हवाही निघून गेली असे समजून भर घालावी. मात्र तासन्‌तास बुडबुडे येतच राहिले किंवा रोज पाणी कमी होत गेले, तर ती अडकलेली हवा नव्हे. हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत असण्याचा संभव असतो, आणि ते काम जाणकाराच्याच हाती द्यावे.

शेवटी पाण्याविषयी दोन शब्द. बोअरवेलचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालणे म्हणजे चहाच्या किटलीत बसतो तसा क्षारांचा थर इंजिनात बसवून घेणे होय. शुद्ध केलेले पाणी आणि कारखान्याने नेमून दिलेले कूलंट यांचेच मिश्रण वापरावे. त्यामुळे गंज थांबतो आणि उत्कलनबिंदूही काही अंशांनी वर जातो. घाटात निरुपाय म्हणून साधे पाणी घालावे लागले, तर घरी परतल्यावर ते बदलावे. तापून उकळलेल्या इंजिनात मात्र गार पाणी एकदम कधीही ओतू नये. तप्त धातू अशा आघाताने तडकतो.

थर्मोस्टॅटची किंमत गाडीच्या मानाने अल्प असते. तो काढून टाकल्याने वाचतात ते थोडे रुपये. तो नीट बसविल्याने आणि हवा काढण्यासाठी तासभर खर्च केल्याने वाचते ते इंजिन, आणि घाटातल्या आडरानात अडकून पडणाऱ्या माणसांचा जीव. आपला देश उष्ण आहे हे खरे. परंतु त्यामुळेच येथील गाडीस दार कायम उघडे ठेवणारा नव्हे, तर योग्य वेळी उघडणारा आणि योग्य वेळी मिटणारा द्वारपाल हवा. पुढच्या खेपेस कोणी ‘काढून टाका’ म्हणाले, तर त्यास इतकेच विचारावे, की झाकण पाहिले का, पट्टा पाहिला का, आणि हवा काढली का?